उकिडवं बस

गेवराई तालुक्यातल्या आमच्या उमापुरात नानांचं शिलाई मशीन पत्र्याच्या पडवीत असे. दसरा आला की ऊसतोडीला निघणारी माणसं कपडे शिवायला टाकत. माप घेताना नाना प्रत्येकाला म्हणत, "हात वर कर." मग, "आता उकिडवं बस." लोक हसत. मला लाज वाटे. वडील शिंपीकाम करतात हे मी वर्गातही सांगत नसे.

पुण्यात ॲनिमेशन शिकायला आलो तेव्हा फीपुरतेच पैसे होते. हाताशी आलं ते ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, फुकटातलं. २००२ साली लोकांनी एक लाख युरोंची वर्गणी जमवून ते सर्वांसाठी खुलं केलं. त्या वर्गणीत माझा छदामही नव्हता, हे आधी कबूल करतो.

नोकरीत पहिलं मोठं काम आलं ते एका पैलवानाचं. शिल्प दुसऱ्याचं, देखणं. मोडलेले कान, कपाळावर आठ्या, पस्तीस लाख पॉलिगॉन. एवढा बोजा हलवता येत नाही. म्हणून त्यावर नवी, हलकी जाळी ओढायची, आत हाडं बसवायची. मी जाळी आपोआप काढून घेतली. पंधरा हजार चौकोन, सगळे सारखे, टापटीप. कोणत्या हाडाने कातडी किती ओढायची, तेही यंत्रावरच सोपवलं.

दंड थोपटायला हात उचलला, तर खांदा ओल्या पोत्यासारखा आत बसला. बैठकीत मांडी पोटात घुसली. वरिष्ठांनी शांतपणे विचारलं, "हा नुसता उभाच राहणार आहे का?"

रात्री नानांना फोन केला. काखेत कसं बेतता? कशाला हवंय, हेही त्यांनी विचारलं नाही. "मुंढा खोल कापू नको, हात उचलला की सगळा सदरा वर चढतो. हात जरा सुटा धरून बेत. आन् जिथं वाकतं तिथं कापड राख. उभ्या माणसाचं माप कुणीबी घेतंय."

मी जाळी पुन्हा ओढली, या वेळी हाताने. आडवे ताणलेले हात अर्धे खाली घेतले. कोपर-गुडघ्यांना तीन-तीन वळसे, डोळ्यांभोवती नि तोंडाभोवती कड्या. सपाट पाठीवर मात्र विरळ. रंगासाठी कातडी उलगडताना शिवणी काखेतून, मांडीच्या आतून नेल्या. नाना तिथेच लपवत. कान-आठ्यांचे बारकावे नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, उतरवले. मग प्रत्येक बिंदूवर हाडांचे वाटे रंगवत बसलो. वाट्यांची बेरीज बरोबर एक भरली पाहिजे. चार दिवस गेले.

दिवाळीला घरी लॅपटॉप उघडला. नानांनी चष्मा पुसला.

"उकिडवं बसव त्याला."

बसवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"डाव्या मांडीत अजून ओढतंय."

ओढत होतं.