पिवळ्या भिंतीचे गाव

जर्मनीला जाणारे आपले प्रवासी सहसा डॉर्टमुंडला उतरत नाहीत. इथे बर्फाची शिखरे नाहीत की राजवाडे नाहीत. कोळसा, पोलाद आणि बिअर यांवर वाढलेले हे कष्टकऱ्यांचे शहर. पण सामन्याच्या शनिवारी या, शहराचे रूपच पालटलेले असते! आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे गळ्यात पिवळे-काळे मफलर घालून एकाच दिशेने निघालेले असतात.

ही गर्दी असते बुंडेसलिगासाठी, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल लीगसाठी. या लीगचा निर्णयही इथलाच. २८ जुलै १९६२ रोजी इथल्या वेस्टफालनहाले सभागृहात ती सुरू करण्याचे ठरले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये सामने सुरू झाले आणि पहिल्याच मिनिटाला पहिला गोल नोंदवला डॉर्टमुंडच्याच टिमो कोनिएट्स्काने. गंमत म्हणजे, त्या गोलचे एकही छायाचित्र नाही!

सभागृहाच्या शेजारीच १९७४ च्या विश्वचषकासाठी बांधलेले स्टेडियम आहे. ८१ हजारांहून अधिक प्रेक्षक त्यात मावतात. दक्षिणेकडच्या उतारावर जवळजवळ २५ हजार लोक उभ्याने सामना पाहतात. हीच ती प्रसिद्ध ‘पिवळी भिंत’. सामन्याआधी ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गाणे सुरू झाले की हजारो मफलर डोक्यावर ताणले जातात. माझ्यापुढच्या आजोबांनी नातवाला खांद्यावर घेतले होते. नातवाला शब्द येत नव्हते, पण मफलर त्याने घट्ट धरला होता.

या शहराने बरेच गमावले आहे. शेवटची खाण १९८७ मध्ये बंद झाली. हॉर्डे भागातला पोलाद कारखाना २००१ मध्ये थंडावला, त्याची यंत्रे सुटी करून चीनला गेली. २००५ मध्ये तर बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लबच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. तरीही लोकांनी स्टेडियमकडे पाठ फिरवली नाही. २०११ आणि २०१२ मध्ये क्लबने लागोपाठ विजेतेपद पटकावले.

या जिव्हाळ्यामागे एक नियमही आहे. काही अपवाद सोडले, तर जर्मन क्लबांत निम्म्याहून अधिक मते सभासदांच्याच हाती राहतात. त्यामुळे धनिकाला पैसा गुंतवता येतो, पण क्लब खिशात घालता येत नाही.

परतण्यापूर्वी हॉर्डेला जरूर जा. कारखान्याच्या जागी आता तलाव आहे, त्यात शिडाच्या होड्या फिरतात. भट्ट्या गेल्या, धूर गेला. शनिवारची गर्दी मात्र तशीच आहे.