क्लच पाहावा बदलून

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण ज्याने काढली त्याच्या दारात जुनी पिकअप नसणार. असती, तर ‘क्लच पाहावा बदलून’ हे शेपूट त्याने म्हणीला नक्की जोडलं असतं. घराला गवंडी मिळतो, लग्नाला मध्यस्थ मिळतो. पण जुन्या गाडीचा क्लच निवडायची वेळ आली की सल्ला द्यायला अख्खा गाव मिळतो आणि त्या गावातल्या कुठल्याही दोन माणसांचं एकमत होत नाही.

तसा क्लच हा गाडीतला अत्यंत दुर्लक्षित प्राणी. अ‍ॅक्सिलरेटरवर लोक प्रेम करतात, ब्रेकवर श्रद्धा ठेवतात. क्लचवर नुसता पाय ठेवतात, आणि नेमकं तेच त्याला मानवत नाही. वास्तविक त्याचं काम मोठं नाजूक. एका बाजूला इंजिन गरगरत असतं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स आणि चाकं ढिम्म उभी असतात. मध्ये एक गोल प्लेट. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत लायनर. प्रेशर प्लेट हिला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दाबून धरते, की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. आपण पेडल दाबलं की पकड सुटते. तापट बाप आणि ढिम्म मुलगा यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या आईचं घरात जे काम, तेच हिचं गाडीत. दोघांचं जुळेपर्यंत जे काही घासायचं ते हिने घासून घ्यायचं.

हे घासणं फार जुनं आहे. मोटारींच्या बाल्यावस्थेत क्लच शंकूच्या आकाराचा असे आणि त्यावर चक्क चामडं बसवलेलं असे. चामडं घसरायला लागलं की ड्रायव्हर त्यावर मुलतानी माती टाकी आणि ते कडक होऊन हिसके द्यायला लागलं की तेल चोळी. म्हणजे माती आणि तेल हे जे उपाय आपल्याकडे बायका चेहऱ्याला आणि केसांना करीत, तेच तिकडे पुरुष क्लचला करीत होते! इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने १८९७ साली घर्षणाच्या अस्तरांचा उद्योगच सुरू केला, तो घोडागाड्यांच्या ब्रेकपासून. आपल्या आडनावाची अक्षरं उलटीपालटी करून आणि त्यात एका अक्षराची भर घालून त्याने ‘फेरोडो’ हे नाव बनवलं. पुढे लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आलं, वर्षानुवर्षं राहिलं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक म्हणून बदनाम झालं. युरोपीय संघाने २००५ पासून त्याच्यावर बंदी घातली. म्हणून जुना क्लच उघडल्यावर त्यातली धूळ हवेच्या पाइपाने फुर्रकन उडवणारा मेकॅनिक दिसला, तर आपण चहाच्या निमित्ताने लांब जावं आणि शक्य तर त्यालाही न्यावं.

हे सगळं ज्ञान आम्हांला झालं ते आमच्या मेहुण्यांच्या पिकअपमुळे. मेहुणे रत्नागिरीजवळ राहतात. थोडी कलमं घरची, थोडी खंडाने घेतलेली. हंगामात हापूसच्या पेट्या पिकअपमध्ये घालायच्या, साखरप्यावरून आंबा घाट चढायचा आणि कोल्हापूर गाठायचं. आंबा घाटातून आंबा नेणं ही त्यांची वर्षाची कमाई. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची. फेब्रुवारीच्या शेवटी तिने घाटात सांगून टाकलं, की आता मला होत नाही. इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही आणि केबिनमध्ये करपलेला वास. मेहुण्यांचा फोन आला, “दादा, क्लच गेला. पहिली तोड पंधरा दिवसांवर आली. तुम्ही शिकलेले, या जरा निवडायला.” आमचं शिक्षण इतिहासात झालेलं आहे, पण जुन्या गाडीला तेच उपयोगी पडेल असं त्यांना वाटलं असावं.

पोचलो तर ओटीवर सल्लागार मंडळ बसलेलंच होतं. शेजारचे काका काटकसरी पक्षाचे. “नवीन कशाला? जुन्या प्लेटीलाच नवा लायनर रिव्हेट मारून घ्या. आमच्या जीपला आयुष्यभर तेच केलं.” सल्ला स्वस्त होता, पण अर्धाच होता. लायनर नवा झाला तरी प्लेटीतल्या धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा जुन्याच, मधले झिजलेले दाते जुनेच. म्हणजे कवळी नवीन, पण हिरड्या त्याच.

दुसरे खडी वाहणारे एक उत्साही तरुण. “दादा, ते कागदी काम सोडा. बटनाची प्लेट टाका! सिरॅमिक! एकदा पकडलं की पकडलं.” मेहुण्यांचे डोळे चमकले. घाटात अडकलेल्या माणसाला ‘पकडलं की पकडलं’ या शब्दांची भूल पडतेच. ही बटनं उष्णता खूप सोसतात, हे खरं. पण ती हळुवार पकडत नाहीत, झडप घालतात. सुटताना गाडी हिसका देते, फ्लायव्हील लवकर झिजतं, आणि तिच्या जोडीला जबरदस्त स्प्रिंगची प्रेशर प्लेट घातली तर पेडल इतकं जड होतं की दाबायला पाय नव्हे, पहिलवान लागतो. मेहुण्यांचं वय अठ्ठावन्न आणि डावा गुडघा त्याहून मोठा. शिवाय हिसक्याने पेटीतल्या हापूसचं काय होईल ते कोल्हापूरच्या अडत्याने मोठ्या आनंदाने सांगितलं असतं. खडीला हिसका चालतो.

तिसरे गृहस्थ मोबाइल घेऊन बसले होते. त्यांनी त्यावर आमच्याच मॉडेलचे नऊ क्लच दाखवले. नवांचे नऊ भाव, आणि सगळ्यांच्या खाली ‘अस्सल’ असं लिहिलेलं.

गॅरेजमधले मिस्त्री मात्र वेगळ्या जातीचे निघाले. ते सल्ला देईनात, प्रश्न विचारू लागले. पेडलला मोकळी चाल आहे का? क्लचचं तेल कमी होतंय का? गिअर अडकतो, की गाडी घसरते? गिअर अडकत असेल तर दोष पुष्कळदा सिलिंडरचा किंवा तेलाचा असतो, आणि तो गिअरबॉक्स न उतरवता निघतो. आमची घसरतच होती. मग म्हणाले, “आता खोलू. खोलल्याशिवाय दुकानात जाऊ नका.”

“पण मॉडेल माहीत आहे ना,” मी म्हटलं.

“मॉडेल आरसी बुकाला माहीत आहे, दादा. गाडीला माहीत आहे का ते बघू. जुन्या गाडीत कुणी कधी काय बसवलंय, ते तिचं तिलाच ठाऊक.”

आणि खरंच. पहिल्या मालकाने केव्हातरी दुसऱ्या इंजिनाचं फ्लायव्हील बसवलेलं. अशा छोट्या पिकअपच्या प्लेटी साधारण दोनशे ते दोनशे चाळीस मिलिमीटर व्यासाच्या असतात. आमची कागदावर एका मापाची आणि पोटात दुसऱ्या मापाची निघाली. मोबाइलवाल्यांचं ऐकलं असतं तर नऊच्या नऊ अस्सल क्लच परत गेले असते. मिस्त्रींनी जुनी प्लेट पिशवीत घालून दिली. व्यास जुळवायचा, मधले दाते मोजायचे, आणि शक्यतो गाडीच्या कारखान्याला क्लच पुरवणाऱ्याच कंपनीचा सेट घ्यायचा. तो गाडीच्या नावाच्या खोक्यात महाग मिळतो आणि पुरवणाराच्या स्वतःच्या खोक्यात पुष्कळदा स्वस्त. घ्यायचा मात्र पूर्ण सेट: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, आणि आत असेल तर पायलट बेअरिंगही. कारण खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याचा. चार पैशांचं बेअरिंग वाचवून महिन्याने तो पुन्हा उतरवणं म्हणजे अक्षता वाचवायला लग्न दोनदा लावण्यासारखं. फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते, ते लेथवर घासून घेतलं. मागचं ऑइल सील पाझरत होतं, तेही बदललं. नाहीतर तेलाने नवा क्लच आठवडाभरात घसरगुंडी झाला असता.

तरी मेहुण्यांच्या मनातून बटन जाईना. “पण जरा मजबूत घातला तर काय बिघडलं?”

“बिघडेल ते पुढचं,” मिस्त्री म्हणाले. “क्लच सुटत नसला की धक्का गिअरबॉक्सला, मग जॉइंटला, मग डिफरन्शियलला. गाडीत कुणीतरी झिजायचंच असतं. ज्याची किंमत कमी, त्याने झिजावं.”

आता हे वाक्य चांगलं होतं. पण ते आमच्या बहिणीने ऐकलं. चहा ठेवता ठेवता तिने दोनच प्रश्न विचारले. “मिस्त्री, ही गाडी किती वजनाची?” मिस्त्रींनी पासिंगचा आकडा सांगितला. “आणि आमचे हे किती भरतात?” यावर मेहुण्यांना एकदम कलमांना पाणी घालायची आठवण झाली. मग भाच्याची पाळी आली. तो सिग्नलला आणि घाटात अर्धा क्लच दाबून गाडी चढावर तोलून धरतो, आणि त्यालाच ड्रायव्हिंग समजतो. “हँडब्रेक कशाला दिलाय रे? टॉवेल वाळत घालायला?”

साध्या मापाचा, साध्या लायनरचा क्लच पहिल्या तोडीच्या चार दिवस आधी बसला. मिस्त्रींनी बजावलं, की पहिले पाचशे किलोमीटर सबुरीने. मेहुणे आता पेडल सोडलं की डावा पाय शहाण्या मुलासारखा बाजूला घेऊन बसतात. गुडघाही खूश आहे. हंगामाभर गाडी एकदाही घाटात थांबली नाही. याचं श्रेय मेहुणे क्लचला देतात, मिस्त्री फ्लायव्हीलला देतात, आणि बहीण कुणालाच काही देत नाही. ती पहाटे चारला वही घेऊन अंगणात उभी राहते आणि ठरलेल्या आकड्याच्या वरची प्रत्येक पेटी गाडीतून खाली उतरवते.