कैलासाचा बेत

१९६२ च्या युद्धानंतर बंद असलेली कैलास-मानसरोवरची वाट १९८१ साली लिपुलेखमार्गे पुन्हा उघडली आणि वडिलांनी बेत जाहीर केला, "यंदा उसाचं बिल आलं की जायचं." बिल यायचं, सोसायटीचं कर्ज कापून जायचं, उरलेलं पाइपलाइनला. त्यांच्यामागं जमिनीला माझं नाव लागलं, तसा बेतही माझ्याकडं आला.

मग १९९८ च्या ऑगस्टात मालपाला दरड कोसळली. यात्रेकरूंचा मुक्कामच गाडला गेला. नृत्यांगना प्रतिमा बेदीही त्यातच गेल्या. आईनं पेपर घडी घालून ठेवला आणि पुढं कित्येक वर्षं घरात विषय निघू दिला नाही. २०१५ ला नथुलाचा गाडीरस्ता सुरू झाला तेव्हा मुलीचं लग्न होतं. २०२० ला कोरोनानं यात्राच थांबली, ती २०२५ ला सुरू झाली.

आता घाई आहे, कारण सरकारी यात्रेला वयाची अट सत्तरची. शिवाय बीएमआय पंचवीसच्या आत हवा, आणि सोडतीत नाव निघायला हवं ते वेगळंच. त्यात २०२६ हे तिबेटी अश्ववर्ष. या वर्षातली एक परिक्रमा तेरांच्या बरोबरीची, असं तिथले लोक मानतात. शेजारचे जैन काका म्हणतात, "अष्टापदाला चाललाय, आदिनाथांना आमचाही नमस्कार सांगा." बोन पंथाचे लोक त्याच पर्वताला उलटी प्रदक्षिणा घालतात, हे सांगितल्यावर त्यांनी जरा विचार केला. "घालू देत की," म्हणाले.

सरावाला मी येडेनिपाणीच्या मल्लिकार्जुन डोंगरावर जातो. देवाला हात जोडायचे, दर्ग्याकडं वळून पाणी प्यायचं, उतरायचं. चढताना काही वाटत नाही. उतरताना गुडघे एकेका पायरीचा हिशेब मागतात. कैलासाच्या परिक्रमेत डोल्मा खिंड साडेपाच हजार मीटरच्याही वर आहे. तिथल्या विरळ हवेचा सराव वाळवा तालुक्यात कुठं करायचा? डॉक्टर नुसते हसतात.

फाइल मात्र तयार आहे. पासपोर्ट, फोटो, ईसीजी. वजन अजून तीन किलो जास्त भरतंय. बायकोनं ताटातली एक भाकरी कमी केली. चहातल्या साखरेवर आमची बोलणी चालू आहेत.