मोत्याचा फराळ

दिवाळीच्या पाहुण्यांत मला दयाळू पाहुण्याचे फार भय वाटते. मोत्याची आर्जवी नजर त्याला पाहवत नाही, आणि तो करंजीचा तुकडा पुढे करतो. परंतु करंजीतल्या थोड्याशा बेदाण्यांनीही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चिवड्यातला कांदा-लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो. चॉकलेटातील थिओब्रोमाइन आपले शरीर लवकर बाहेर टाकते, त्याचे मात्र फार सावकाश. तोवर ते विषच ठरते.

म्हणून मोत्याचा फराळ मी निराळा करते. तांबडा भोपळा साल-बिया काढून उकडावयाचा, कुस्करावयाचा आणि त्यात मावेल तेवढे ज्वारीचे पीठ घालून घट्ट मळावयाचे. मीठ नाही, साखर नाही, जायफळ तर नाहीच. मग पातळ शंकरपाळे कापून मंद आचेवर, तेलावाचून, तव्यावर खरपूस भाजावयाचे. सासूबाईंना हा अळणी प्रकार मुळीच पटत नाही. मोत्याने मात्र अद्याप तक्रार केलेली नाही! पाहुण्यांच्या हाती मी हाच डबा देते. दोन-तीन तुकडे पुरेत. त्याचे रोजचे जेवण वेगळे असतेच. भोपळ्याच्या ओलाव्याने बुरशी लवकर धरते, म्हणून दोन दिवसांपुरतेच करते.