स्वयंपाकघराचा रंग

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या पूर्वजांनी केली, त्या काळी भिंतींना कोणता रंग द्यावा हा प्रश्न फारसा कठीण नसावा. चुना मिळाला तर चुना, नाही तर पांढरी माती. आणि चुलीमागची भिंत धुराने काळवंडणारच, म्हणून तेथे गेरू किंवा शेणामातीचे सारवण. निवडीला वाव नव्हता, म्हणून वादालाही नव्हता. आज रंगाच्या दुकानात पोथीएवढे जाड पुस्तक ग्राहकापुढे उघडले जाते. एकट्या पांढऱ्या रंगाच्याच त्यात कितीतरी छटा असतात. आणि ह्या निवडीत अलीकडे आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. तो प्रश्न म्हणजे, 'उद्या हे घर विकायचे झाले तर?'

भंडारा जिल्ह्यातील आमच्या कॅथलिक कुटुंबांना हा प्रश्न इतरांपेक्षा जरा अधिकच भेडसावतो. त्याचे कारण उघड आहे. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील येथे पोटापाण्यासाठी आले. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी, रेल्वे, शाळा, दवाखाने. कोणी केरळातून आले, कोणी छोटा नागपुरातून, कोणी तमिळनाडूतून. नोकरीची वर्षे क्वार्टरमध्ये गेली. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून गावाबाहेर एखादा भूखंड घेतला, त्यावर तीन-चार खोल्या उभ्या केल्या. परंतु तोवर मुले पुण्याला, बंगळूरला किंवा आखाती देशांत पोहोचलेली असतात. घराला छप्पर चढते तेव्हाच त्या घराचा पुढचा वारस कोण, हे कोडे घरधन्याच्या मनात असते.

गृहप्रवेशाच्या आशीर्वादासाठी धर्मगुरू म्हणून आम्हांस अशा घरी जावे लागते. तीर्थजल शिंपडीत खोल्या-खोल्यांतून फिरताना स्वयंपाकघरापाशी आमची पावले थोडी रेंगाळतात. कारण दिवाणखाना पाहुण्यांसाठी असतो. कुटुंबाचे खरे आयुष्य ओट्यापाशी जाते. मागील एका उन्हाळ्यात अशाच एका निवृत्त जोडप्याने आशीर्वादाच्या आधीच आम्हांला बोलावून घेतले. गिलावा सुकला होता, रंगारी उद्या यायचा होता आणि स्वयंपाकघराचा रंग ठरत नव्हता.

घरधन्यांचे म्हणणे असे, की सर्वत्र फिकट सायीचा रंग द्यावा. "फादर, हा रंग कोणालाही चालतो. आमच्यामागे मुलगा हे घर विकणार, हे काय आम्हांला कळत नाही? गिऱ्हाईक आले तर त्याने नाक मुरडू नये."

बाईंना मात्र हिरवा रंग हवा होता. आणि हिरवा म्हणजे कोणताही नव्हे, तर पऱ्ह्यांचा. आपल्याकडे रोवणीपूर्वी धानाची जी कोवळी रोपे वाफ्यात दाट उभी राहतात, त्यांचा तो पोपटी, ओलसर हिरवा. बाईंचे माहेर धानाच्या शेतकऱ्याचे. त्या एवढेच म्हणाल्या, "तीस वर्षं क्वार्टरमध्ये स्वयंपाक केला, फादर. तिथल्या भिंतीचा रंग दरवेळी दुसऱ्यानंच ठरवला. आता इथंही न आलेला माणूस ठरवणार का?"

ह्या वादात घरधन्यांची बाजू हलकी समजू नये. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूनेच सांगितले आहे. मुलांवर ओझे होऊ नये, घराला बरी किंमत यावी, ही चिंता प्रेमातूनच उपजते. तेव्हा आपण आधी त्यांच्याच हिशेबाने जाऊ आणि तो कितपत खरा ठरतो ते पाहू.

अमेरिकेत झिलो नावाची घरांच्या खरेदी-विक्रीच्या क्षेत्रातील एक कंपनी आहे. विकल्या गेलेल्या घरांची छायाचित्रे तपासून कोणत्या रंगाच्या घराला कसा भाव आला, ह्याचा ती पडताळा घेत असे. २०१६ सालच्या तिच्या पाहणीत फिकट पिवळ्या स्वयंपाकघराची घरे अपेक्षेपेक्षा जास्त किमतीला गेल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, ३२,००० हून अधिक छायाचित्रांच्या पाहणीत पिवळे स्वयंपाकघर तोट्याचे ठरले आणि निळसर स्वयंपाकघर फायद्याचे! एका वर्षात पिवळ्याचे भाग्य फिरले. ज्यांनी आदल्या वर्षी तज्ज्ञांचे ऐकून भिंती पिवळ्या केल्या असतील, त्यांची कल्पना करावी. बाजाराची आवड ओळखून आपली आवड मारणाऱ्याला बाजारही शेवटपर्यंत साथ देत नाही, एवढे तरी ह्यावरून ध्यानी येते.

शिवाय आपला मुलूख अमेरिका नव्हे. भंडाऱ्यात, तुमसरात किंवा साकोलीत घर घेणारा मनुष्य प्रथम पाहतो ती कागदपत्रे: जमीन अकृषक झाली आहे काय, नाव नीट लागले आहे काय. नंतर पाहतो रस्ता, विहिरीचे किंवा नळाचे पाणी, पावसाळ्यात पाणी साचते काय. गिऱ्हाईक वास्तुशास्त्र मानणारे असेल तर स्वयंपाकघर आग्नेय दिशेला आहे की नाही, हेही तो विचारील. भिंतीचा रंग तो विचारीत नाही, कारण राहावयास येण्यापूर्वी तो स्वतःचा रंग देणारच असतो. दिशा बदलायची तर भिंत पाडावी लागते. रंग बदलण्यास एक डबा आणि दोन दिवस पुरतात. संपूर्ण घरात सर्वांत स्वस्तात बदलता येणारी वस्तू कोणती, तर रंग. आणि नेमक्या तिच्याच बाबतीत आपण वीस वर्षांनंतरच्या अनोळखी माणसाची मर्जी राखू पाहतो.

रंगाच्या गुणधर्माचाही विचार करावा. चुना भिंतीवर लागला की हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा चुनखडीच होतो. तो क्षारयुक्त असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा गुण लहान नव्हे. मात्र तेलाचा आणि हळदीचा डाग चुन्यावरून पुसता येत नाही. म्हणून लोक ओट्यामागे ऑइल पेंट देतात. पण पांढऱ्या ऑइल पेंटची गंमत अशी, की जेथे ऊन कमी पोहोचते तेथे तो काही वर्षांत आपोआप पिवळट पडतो. म्हणजे विक्रीसाठी जपलेला शुभ्र रंग विक्रीच्या वेळी शुभ्र उरतच नाही. त्यापेक्षा पाण्यात मिसळणारा, पुसता येणारा इमल्शन रंग बरा. आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. जुन्या भडक पिवळ्या, तांबड्या, हिरव्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तेव्हा डब्यावरची ती नोंद पाहून घ्यावी. आणि जुना रंग कोरडाच खरवडून घरभर धूळ उडवू नये. नातवंडे सुट्टीत येतात, ती त्याच जमिनीवर रांगतात.

स्वयंपाकघराचा रंग तेथे राबणाऱ्या व्यक्तीकडे पाहून ठरवावा, हा विचार नवा नाही. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराने पहिल्या महायुद्धानंतर कामगारांसाठी घरे उभारली. त्यांतील स्वयंपाकघराची आखणी १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की ह्या ऑस्ट्रियन महिला वास्तुशिल्पीने केली. बाईची पावले आणि वेळ वाचावा म्हणून प्रत्येक फळी, प्रत्येक खण मोजूनमापून बसवला. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे तयार झाली आणि त्यांतील कित्येकांतील कपाटांना निळा रंग दिला गेला. कारण काय, तर माश्या निळ्या रंगावर बसत नाहीत, अशी त्या वेळची समजूत होती. ती समजूत खरी की खोटी हा भाग निराळा. रंग ठरविताना विचार झाला तो भाकरी करणाऱ्या हातांचा, हे महत्त्वाचे.

आता धर्मशास्त्राकडे वळू. वाचकांपैकी काहींना आश्चर्य वाटेल, परंतु भिंतीच्या रंगाचा उल्लेख पवित्र शास्त्रातही आहे. यहूदाचा राजा यहोयाकीम ह्याने प्रशस्त वाडा बांधला, त्याला मोठ्या खिडक्या पाडल्या, गंधसरूच्या फळ्या बसविल्या आणि हिंगुळाचा लाल रंग दिला. यिर्मया संदेष्ट्याने त्याला कडक शब्दांत फटकारले. मात्र फटकारण्याचे कारण हिंगूळ नव्हता. राजाने लोकांना राबवून त्यांची मजुरी बुडविली होती, हे होते. रंग सुंदर असल्याबद्दल देव रागावत नाही. रंगाऱ्याचे पैसे थकविल्याबद्दल रागावतो. घराच्या आशीर्वादाचा दिवस ठरविण्यापूर्वी गवंडी, सुतार आणि रंगारी ह्यांची मजुरी चुकती झाली आहे काय, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारून घ्यावे.

ह्याच यिर्मयाने बाबेलमध्ये बंदिवासात गेलेल्या आपल्या लोकांना पत्र पाठविले. ते लोक परक्या मुलखात होते, मन यरुशलेमेत गुंतलेले, आज ना उद्या परत जाऊ ह्या आशेवर दिवस ढकलीत होते. संदेष्ट्याने त्यांना सांगितले, की तेथेच घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. 'घरे बांधा' एवढ्यावर तो थांबत नाही. 'त्यांत राहा' असेही सांगतो. बांधणे आणि राहणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे अलीकडे आम्हांला अधिकाधिक पटत चालले आहे. सोफ्यावरचे प्लास्टिक न काढलेली, भिंतीवर खिळा न ठोकलेली, विक्रीसाठी जपलेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्या घरांत माणसे वावरतात, पण वस्तीला आलेल्या पाहुण्यासारखी.

आम्हां ख्रिस्ती माणसांचे कायमचे नगर येथे नाही, ही आपली श्रद्धा आहेच. परंतु 'आपण यात्रेकरू आहोत' ह्याचा अर्थ 'आपण विक्रेते आहोत' असा नव्हे. यात्रेकरूसुद्धा मुक्कामाच्या जागी तीन दगड मांडून चूल पेटवतो, आणि ती पेटवताना मनापासून पेटवतो. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्या समुद्राच्या काठी कोळशाचा विस्तव करून शिष्यांसाठी मासळी भाजली, ते काही फार दिवस तेथे राहावयाचे म्हणून नव्हे. थकून आलेल्यांना गरम न्याहारी मिळावी म्हणून.

आणि ह्या जिल्ह्यात राहून वैनगंगेला कसे विसरावे? पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसविली गेली, आणि पुढे नदीकाठच्या कित्येक गावांना आपली घरे पाण्यास देऊन नव्या वसाहतीत जावे लागले. भिंतीची लांबी-रुंदी मोजता येते, छपराची कौले मोजता येतात. पण सुनेने पहिल्या दिवाळीला चुलीमागे ओढलेली गेरूची पट्टी कोणत्या रकान्यात लिहावी? ज्यांनी ती घरे सोडली, त्यांना घराची किंमत आणि घराचे मोल ह्यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या मनातील एक चिंताही येथे सांगून टाकतो. आपला समाज ह्या जिल्ह्यात मूठभर आहे. एखादे कुटुंब घर विकून गेले, की रविवारच्या मिस्सेत एक बाक रिकामा होतो; आणि तो भरावयास दुसरे कुटुंब येईलच असे नाही. मुलांनी दूर जाऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे आजोबाही दूरच आले होते. परंतु ज्या घराविषयी मुलाने लहानपणापासून 'हे कधीतरी विकायचेच आहे' असे ऐकले, त्या घराकडे तो कशाला परतून पाहील? उलट ज्या स्वयंपाकघराचा हिरवा रंग त्याच्या डोळ्यांत राहिला आहे, तेथे तो नाताळला दोन दिवस तरी येईल, आपल्या मुलांना आणील.

त्या जोडप्याला आम्ही निर्णय दिला नाही. तो आमचा अधिकार नव्हे. यिर्मयाच्या पत्राची आठवण तेवढी करून दिली. शेवटी त्यांच्यात तोड निघाली. बाहेरच्या खोल्यांना सायीचा रंग आणि स्वयंपाकघर पऱ्ह्यांच्या हिरव्या रंगाचे. रंग पुसता येण्याजोगा घ्यावा, एवढी अट घरधन्यांनी घातली आणि ती बाईंनी आनंदाने मान्य केली. आशीर्वादाच्या दिवशी आम्ही त्या हिरव्या भिंतीवर तीर्थजल शिंपडले तेव्हा तिच्यावर फोडणीचे दोन-तीन शिंतोडे आधीच उडाले होते.

शत्रूचा वेढा पडलेला असताना, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना यिर्मयाने अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतले आणि त्याचे खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवावयास लावले. विकावयाचा भाव तेव्हा शून्य होता. तरी ह्या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे घेतले जातील, असा देवाचा शब्द त्याला मिळाला होता आणि त्या शब्दावर त्याने पैसे मोजले. प्रिय वाचकहो, यंदा नाताळपूर्वी आपण घराला रंग काढाल, तेव्हा रंगाच्या पुस्तकावर बोट ठेवण्यापूर्वी घरात रोज भाकरी कोण करते, तिला एकदा विचारा. आणि तिने सांगितलेला रंग आणा.