डोंगराआडचा सूर्य

लालबागच्या आमच्या चाळीत पूर्वी गॅलरीत उभे राहिले की शिवडीच्या बाजूने सूर्य उगवताना दिसायचा. आता समोर टॉवर उभा आहे. ऊन गॅलरीत यायला दहा वाजतात. मुले मोठी झाली ती सूर्योदय फक्त मशिदीच्या वेळापत्रकात वाचत. फजर, तुलू, जवाल असे रकाने असतात ना, त्यातला दुसरा रकाना म्हणजे त्यांचा सूर्योदय.

गेल्या 18 जानेवारीला संध्याकाळी अब्बा नेहमीप्रमाणे संपाची गोष्ट सांगत बसले होते. 1982 साली याच तारखेला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेचसे परत आत गेलेच नाहीत. अब्बा त्यांपैकी एक. साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले आणि कायम होईपर्यंत तिसरी पाळी करत राहिले. मध्यरात्री आत जायचे, सकाळी सातला बाहेर. "डोक्यावर कापसाची पुंजकी आणि डोळ्यांवर एकदम ऊन," असे ते म्हणतात. "सूर्य कधी उगवला ते कळायचंच नाही. भोंगा झाला की दिवस उगवला."

मग जरा थांबून म्हणाले, "एकदा नीट उगवताना बघायचा आहे. अजून दिसतंय तोवर."

घरात सगळे गप्प झाले. अब्बांना काचबिंदू आहे. तीन वर्षांपूर्वी कळले. त्याआधी वर्षभर ते दाराच्या चौकटीला खांदा आपटत होते, ताटाच्या कडेची वाटी सांडत होते, आणि आम्ही सगळे "वय झालं" म्हणून सोडून देत होतो. या आजारात डोळ्यातला दाब वाढून पाहण्याची नस हळूहळू निकामी होत जाते. बहुधा दुखत नाही, लाल होत नाही. नजरेचा घेर बाहेरून आत आवळत येतो. समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते, म्हणून माणसाला वाटते सगळे ठीक आहे. गेलेली नजर परत येत नाही. थेंब वेळेवर घातले तर उरलेली जपता येते. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा अब्बांपेक्षा आम्हीच जास्त खाली मान घातली होती. शाळेत पन्नास मुलांतले कोणते मूल फळा वाचताना डोळे बारीक करते ते आम्हाला लगेच कळते. घरातले कळले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कुठे जायचे? चौपाटीवर गेलो तर समुद्र पश्चिमेला, तिथे सूर्य मावळतो. मग थोरल्याने बोरिवलीच्या नॅशनल पार्कचे नाव काढले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. लहानपणी आम्ही शाळेच्या सहलीत 'वनराणी' गाडीत बसलो होतो, त्यानंतर फारसे जाणे झाले नाही. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे डोंगर आणि जंगल, आणि पन्नासाच्या आसपास बिबटे, एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत. दादरहून फास्ट लोकलने जेमतेम पाऊण तास. तरी लालबागच्या माणसाला ते महाबळेश्वरइतके लांब वाटते.

वेळापत्रकात पाहिले. तुलू 7 वाजून 15 मिनिटे. धाकटीने विचारले, "सर्वांत लहान दिवस 22 डिसेंबरला असतो ना? मग आता सूर्य लवकर उगवायला लागला पाहिजे. इथे तर जानेवारीत अजून उशीर होतोय." प्रश्न बरोबर होता. मुंबईत सर्वांत उशिराचा सूर्योदय डिसेंबरात होत नाही, जानेवारीच्या मध्याला होतो. पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे या दिवसांत सूर्य माथ्यावर येण्याची वेळच रोज थोडी पुढे सरकते. तिला जवालचा रकाना दाखवला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जवाल 12.22 च्या आसपास असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत 12.53 च्या घरात जातो. अर्ध्या तासाचा फरक! मशिदीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या त्या कागदात एवढे खगोलशास्त्र आहे, पण आपण त्यात फक्त आजची ओळ पाहतो.

आणखी एक गोष्ट. भारताचे प्रमाण घड्याळ आपल्यापेक्षा पुष्कळ पूर्वेच्या रेखावृत्तावर बेतलेले आहे. मुंबईच्या खऱ्या सूर्याची वेळ त्यापेक्षा सुमारे 39 मिनिटांनी मागे असते. म्हणून मुंबईत 'बॉम्बे टाइम' नावाची वेगळी वेळ होती. देशभर प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, तरी मुंबईने आपली वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. कोलकात्याला सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी दिसतो, पण दोघांच्या मनगटावरचे घड्याळ एकच.

रविवारी सहाच्या सुमारास वेळ सुरू होताच घरीच फजर पढलो आणि निघालो. टॅक्सीने दादर, तिथून बोरिवली फास्ट. अब्बांना खिडकीची जागा मिळाली. वांद्रे, अंधेरी मागे पडले तेव्हा आभाळ राखाडी होते. पुढे ते पिवळे होत गेले आणि आमचा जीव खालीवर व्हायला लागला. बोरिवलीला उतरलो तेव्हा घड्याळात सव्वासात होऊन गेले होते. पूर्वेला रिक्षा करून महामार्गावरच्या मुख्य फाटकाशी पोचलो. सर्वसामान्य पर्यटकांना साडेसातच्या सुमारास आत सोडतात. पहाटे फिरायला येणाऱ्यांचे पास वेगळे असतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. सूर्योदय होऊन पंधरा मिनिटे झाली होती. धाकटीचे तोंड एवढेसे झाले. थोरला म्हणाला, "एवढा उपद्व्याप करून तुलू रेल्वेतच गेला."

फाटकाशी पाड्यावरची एक बाई बोरे आणि आवळे घेऊन बसली होती. या उद्यानात आजही वारली आणि महादेव कोळी कुटुंबांचे पाडे आहेत. अम्मीने दहा रुपयांची बोरे घेतली आणि म्हणाली, "सूर्य उगवून गेला का हो?" बाईने मान वर न करता हात डोंगराकडे केला. "अजून कुठं? त्याला डोंगर चढायचा हाय."

आम्ही पाहिले. खरेच, आभाळ पूर्ण उजळले होते, पण फाटकापासून आतल्या रस्त्यावर कुठेही ऊन नव्हते. पुढे आग्नेयेला, साधारण कान्हेरीच्या बाजूला, डोंगराची काळी रांग होती आणि तिच्या कडेला फक्त एक उजेडाची रेघ. वेळापत्रकातला सूर्योदय सपाट क्षितिजाचा असतो. डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्याचा सूर्य वेगळा. डोंगर जेवढा उंच आणि जवळ, तेवढा उशीर.

दहिसर नदीच्या कडेने चालू लागलो. ही नदी तुळशी तलावाजवळून निघते. इथे ती दगडांतून वाहते, पाण्याला जंगलाचा वास असतो. फाटकाबाहेर वस्तीत पोचली की तिचाच नाला होतो. तांबट पक्ष्याचे टुक्‌टुक्‌ चालू होते. कोरड्या सागाची पाने पायाखाली वाजत होती. अब्बांचा एक हात धाकटीच्या खांद्यावर. बाजूचे त्यांना दिसत नाही, म्हणून ती सांगत होती, "उजवीकडे खड्डा आहे, दादा. डावीकडे माकड बसलंय." जिथे झाडे थोडी विरळ होती तिथे कठड्यावर बसलो.

पावणेआठच्या आसपास डोंगराच्या कडेवरचे एकेक झाड सुटे दिसायला लागले. पानगळ झालेल्या फांद्या जणू कोणी शाईने काढल्या होत्या. मग त्या फांद्यांमागे तांबूस कडा आली. थंडीत मुंबईची धूळ-धूर जमिनीलगत अडकून राहते, त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन मिनिटे बिंब तांब्याच्या थाळीसारखे होते. आम्ही सगळ्यांना बजावले, टक लावून बघायचे नाही, पिवळे झाले की नजर खाली. मुले फोटो काढण्यात गुंतली. आम्ही मात्र अब्बांकडे पाहत होतो.

ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गावचाच आहे."

आम्हाला आधी कळले नाही. अब्बांचे गाव खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. अठराव्या वर्षी मुंबईला आले. "गावात फजर झाली की गुरं सोडायची," ते सांगू लागले. "आभाळ उजळून कितीतरी वेळ झाला तरी सूर्य यायचा नाही. आजी म्हणायची, तो घाटावरच्या लोकांना भेटून येतो, मग आपल्याकडे. उगवायचा डोंगरातून आणि जायचा दर्याकडे. मुंबईत आल्यावर मी समजत होतो तो चाळीमागून येतो."

कोकणातल्या प्रत्येक घराला हे ओळखीचे असेल. सूर्याला आपण एक समजतो, पण प्रत्येक गावाची त्याला भेटण्याची वेळ वेगळी. इब्राहीम अलैहिस्सलामांची गोष्ट मुलांना आम्ही अनेकदा सांगितली आहे. त्यांनी तारा, चंद्र, सूर्य पाहिले आणि जे मावळते ते पूजण्यासारखे नाही हे ओळखले. त्या सकाळी वाटले, ते ओळखण्याआधी त्यांनी मन लावून पाहिले होते. पाहण्याचा तो भाग आपण गाळून टाकतो.

सूर्य बराच वर आल्यावर अब्बा आणि अम्मीने तिथेच शांत कोपऱ्यात इशराकच्या दोन रकाती बसून पढल्या. आम्ही डबा उघडला. अंडापोळी, लिंबाचे लोणचे, थर्मासमधला चहा.

नंतर गाडीने कान्हेरीला गेलो. फाटकापासून सहा-सात किलोमीटर. तिथले तिकीट वेगळे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षे बौद्ध भिक्षूंनी हा काळा दगड कोरला. शंभरहून अधिक लेणी आहेत. मुलांना मोठे स्तंभ आवडले, आम्हाला पाण्याची टाकी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाजूला कोरलेले टाके आणि त्यात पावसाचे पाणी नेणाऱ्या पन्हळी. एका लेण्यात इराणी वळणाच्या पहलवी लिपीत पारशी पाहुण्यांची नावे आहेत, 1009 आणि 1021 सालची. हजार वर्षांपूर्वीही लोक इथे घरच्यांसह डोंगर बघायला येत असावेत.

पाण्याचे नाते आपलेही आहे. याच डोंगरातला विहार तलाव 1860 मध्ये बांधून झाला, तेव्हा मुंबईला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. तुळशी 1879 चा. आज मुंबईला सात तलाव पाणी देतात आणि या दोघांचा वाटा अगदी थोडा आहे, पण सुरुवात इथली. पावसाळ्यात हिंदमाता तुंबले की आपण पालिकेवर चिडतो. डोंगरावरचे हे जंगल जेवढे पाणी पिऊन घेते तेवढे आपल्या अंगावर येत नाही, हे मात्र आठवत नाही.

उतरताना वाटेच्या कडेला वाळलेली कारवी होती. ही झुडपे आठ वर्षांनी एकदाच फुलतात. या उद्यानात 2016 ला फुलली, मग 2024 च्या पावसाळ्यात. सगळा डोंगर जांभळा होतो. धाकटीने हिशेब केला, "म्हणजे आता 2032." मग तिच्या लक्षात आले आणि ती गप्प झाली. अब्बा आता 77 वर्षांचे. ते हसून म्हणाले, "मी असलो तर मला घेऊन ये. नजर नसली तर तू सांग. आज माकड सांगितलंस ना, तसं."

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. सोमवारी उद्यान बंद असते. पहाटे आत जायचे तर पासाची चौकशी आधी करा. प्लॅस्टिक नेऊ नका, माकडांना खाऊ देऊ नका, आणि अंधारात मुलांना एकटे सोडू नका, कारण घर बिबट्याचे आहे, पाहुणे आपण. थंडीच्या दिवसांत सूर्य डोंगरामागून उशिरा येतो, म्हणून लोकल चुकली तरी घाबरू नका.

आणखी एक. काचबिंदू घराण्यात चालतो. डॉक्टरांनी आम्हा भावंडांना तेव्हाच सांगितले होते की चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळ्यांचा दाब तपासून घ्या. तीन वर्षे आम्ही परीक्षा, पेपर, सुट्ट्या अशी कारणे काढत राहिलो. पार्कातून आल्यावर त्याच आठवड्यात गेलो. दाब थोडा वाढलेला निघाला. नजर अजून शाबूत आहे, अल्हम्दुलिल्लाह, पण थेंब सुरू झाले.

आता रोज ईशानंतर धाकटी दोन बाटल्या घेऊन येते. आधी अब्बा, मग आम्ही. मान मागे टाकायची आणि पाच मिनिटे डोळे मिटून बसायचे. त्या पाच मिनिटांत अब्बा कधीकधी गावच्या डोंगराबद्दल बोलतात.