हिरव्या प्रकाशापलीकडचा प्रश्न

लघवीला न विरणारा फेस येतो, संध्याकाळी पावले सुजतात. अशा तक्रारी मधुमेहाच्या किंवा वयाच्या खात्यावर सहज टाकल्या जातात. क्वचित मात्र त्यांचे मूळ मूत्रपिंडात नसून अस्थिमज्जेत असते. तेथील प्लाझ्मा पेशींचा एक समूह प्रतिपिंडांच्या ‘हलक्या साखळ्या’ अनावरपणे निर्माण करीत राहतो. या प्रथिनांची घडी चुकते. त्यांचे सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे तंतू बनून मूत्रपिंडाच्या गाळणीत साचतात आणि दिवसाकाठी काही ग्रॅम प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. हा दुर्मीळ विकार म्हणजे एएल अमायलॉइडोसिस.

१८५४ मध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी हा पदार्थ स्टार्चसदृश समजून त्याला ‘अमायलॉइड’ म्हटले. समज चुकीचा ठरला, नाव टिकले. १९२० च्या दशकात कापड रंगवण्याचा काँगो रेड त्याच्या परीक्षेसाठी वापरात आला. या रंगाचे रेणू तंतूंवर शिस्तीने रचले जातात; त्यामुळे द्विअपवर्तन घडून ध्रुवित प्रकाशात तंतू सफरचंदी हिरवे चमकतात. भौतिकशास्त्राची एक सुंदर घटना अशी रोगनिदानाचा आधार झाली.

परंतु तो हिरवा प्रकाश तंतूंचे अस्तित्व सांगतो, त्यांचे कूळ नाही. भारतात हा भेद विशेष मोलाचा आहे, कारण दीर्घकाळच्या क्षयरोगामुळेही मूत्रपिंडात अमायलॉइड साचते. ते मात्र निराळ्या प्रथिनाचे असते. काचपट्टीवर दोन्ही सारखेच दिसतात. एकावर उपाय म्हणजे मूळ संसर्गाचा बंदोबस्त, दुसऱ्यावर प्लाझ्मा पेशींचा नायनाट करणारी औषधे. म्हणून प्रतिपिंड-चाचण्यांनी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीने प्रथिनाची ओळख पटल्याखेरीज निदान पूर्ण होत नाही.

एएल प्रकारात बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फामाइड आणि डेक्सामेथासोन यांना २०२१ मध्ये अमेरिकेतील मान्यतेनंतर डॅराट्युमुमॅबची जोड मिळाली. रक्तातील साखळ्या काही आठवड्यांत उतरू शकतात. मूत्रपिंड सावरायला मात्र अनेक महिने लागतात. कारण ही औषधे नवी भर थांबवतात, साचलेले तंतू काढीत नाहीत.

२०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे डायलिसिस जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचले. ते रक्त शुद्ध करते, पण अस्थिमज्जेतील उत्पादन थांबवीत नाही. गाळणी निकामी होण्यापूर्वी लघवीतील प्रथिने मोजणे आणि रक्तातील मुक्त साखळ्या तपासणे, या दोन साध्या चाचण्या कोणाला किती लवकर सुचतात, यावरच पुष्कळदा मूत्रपिंडाचे भवितव्य ठरते.